लिहून घेणार

अकोला, १२ जानेवारी २०२५

बंडू,

वर 'चिरंजीव' लिहिलं नाही. विसरले म्हणून नाही, लिहावंसं वाटलं नाही म्हणून.

आठ दिवसांत तुझे एकवीस फोन आले. एकही उचलला नाही आणि उचलणारही नाही. फोनवर तू बोलतोस, मी हो-हो करते, आणि तुझं बोलणं संपेस्तोवर माझा राग निवून जातो. या वेळी मला तो निवू द्यायचा नाही. म्हणून कागद घेतला.

मुख्य गोष्ट आधी सांगते. चार नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्या नावानं करून दिलेलं मुखत्यारपत्र मी रद्द केलं आहे. परवाच्या बुधवारी अमरावतीला येऊन, त्याच कचेरीत, त्याच मशीनवर अंगठा ठेवून. नोटीस तुला रजिस्टर पोस्टानं येईल, ती घे. परत पाठवलीस तरी रद्द ते रद्दच राहतं.

त्या दिवशी तू काय म्हणाला होतास, आठवतं? "ताई, तुले सुट्टी भेटत नाही, दरवेळी अकोल्याहून कुठं येशील? घराच्या रजिस्ट्रीले तुह्यावतीनं उभं राहाले कोणी पायजे ना. इथं सही कर." मी सही केली. सहा पानं होती, एक ओळ वाचली नाही.

अरे, तीस वर्षं मी दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सह्या घेते. खेड्यातून आलेल्या बाईला खाली बसवून एकेक ओळ वाचून दाखवते. घाई करणाऱ्या नवऱ्याला दटावते, "तिला समजू दे, पोट तिचं फाडणार आहेत." आणि मी स्वतः सहा पानं न वाचता अंगठा दिला. कारण सांगू? मला ते बरं वाटलं होतं. सगळ्या जगाच्या सह्या मी घेते, आणि माझ्यासाठी खुर्ची ओढून 'तू फक्त सही कर' म्हणणारा माझा एक भाऊ आहे, याचं कौतुक वाटलं.

पहिल्या तारखेला ती सहा पानं वाचली. माझ्यासाठी खरेदी करणं, हे त्यात आहेच. पुढे, खरेदी कोणाच्याही नावे करणं. विकणं. गहाण टाकणं. माझ्या वतीनं पैसे घेणं, पावत्या देणं, कोर्टात बोलणं. बंडू, रजिस्ट्रीच्या टेबलापुढं दहा मिनिटं उभं राहायला एवढं लागतं का रे?

मला कोणी सांगितलं, ते विचारू नकोस. आशावर डोळे काढू नकोस, तुझ्या बायकोचा यात काही संबंध नाही.

घर मी घेणारच आहे. एकतीस मेला निवृत्त होईन, त्या दिवशी क्वार्टरची किल्ली परत द्यावी लागते. तोवर मला माझं दार पाहिजे. पण त्या दारापर्यंत मी माझ्या पायानं जाईन. घर विकणाऱ्या बेबीताईंकडे तू आता जायचं नाहीस. तुझ्या त्या दलालालाही, धर्मेंद्रलाही, तेच सांग.

रागिणी


अकोला, २ फेब्रुवारी २०२५

बंडू,

व्हॉट्सॲपवर पाठवलेलं तुझं सव्वापाच मिनिटांचं बोलणं दोनदा ऐकलं. तुझं दुःख एवढंच, की पेपरात जाहीर सूचना छापून मी तुझी इज्जत घालवली. दुकानात पाइप घ्यायला आलेली गिऱ्हाइकं विचारतात, "काय भगवंतभाऊ, बहिणीनं काढून टाकलं म्हणते?"

छापलेलं मी पुन्हा काढून पाहिलं. 'माझे भाऊ श्री. भगवंत उत्तमराव यांस दिलेले मुखत्यारपत्र मी रद्द केले असून यापुढे त्यांनी माझ्या वतीने केलेला कोणताही व्यवहार मजवर बंधनकारक राहणार नाही.' यात शिवी कुठं आहे? आणि तू माझ्याबद्दल जे सांगत फिरलास ते कुठं छापायचं?

तुला वाटतं मला माहीत नाही. मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

एक जानेवारीला रजा टाकली आणि कोणालाही न सांगता पहिल्या गाडीनं अमरावतीला आले. घर पाहायला. तीन महिने तू फोनवर फोटो पाठवत होतास, मागचं अंगण, पेरूचं झाड, पुढची दोन पायऱ्यांची ओटी. मी त्या फोटोंवरच जीव लावून बसले होते. स्वतः पाहावं असं ठरवलं तेव्हा तू म्हणालास, "म्हातारी तिरसट हाय, नव्या माणसाले दारात उभं करत नाही. सौदा बिघडंल." ऐकलं. पण मग एका जवळच्या माणसाचा फोन आला आणि एवढंच वाक्य ऐकू आलं: "तू घर स्वतः पाहिलंस का? एकदा येऊन पाहा." तेवढ्यावर आले.

शेगाव नाक्याला उतरले, विचारत विचारत गेले. बेबीताई ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, नवरा एस.टी.त ड्रायव्हर होता, तो जाऊन चार वर्षं झाली. मी म्हटलं, "नमस्कार. मी रागिणी. बंडूची मोठी बहीण. घर पाहायला आली."

त्यांचा चेहराच बदलला. मांडीवरचा अडकित्ता त्यांनी हळूच उचलला आणि पदराखाली लपवला.

मग माझ्याशी बोलायला लागल्या, एकेक शब्द तोडून, मोठ्या आवाजात, लहान लेकराशी बोलतात तसं. "बसा हं. बसा. एकट्याच आल्या का? सोबत कोणी नाही?" शेजारच्या बाईला हाक मारून दारात उभं केलं. "गोळी घेतली का सकाळची?"

मला बी.पी.ची गोळी आहे. वाटलं, तू सांगितलं असेल. मी म्हटलं, "हो, घेतली ना."

"बरं केलं. घेत जा बाई. अन झटके? झटके येतात का अजून?"

तेव्हा समजलं, बंडू. मी विचारलं, "कोणी सांगतलं तुम्हाले?"

"तुमच्या भावानं. इथंच बसून. म्हणे, बहिणीचं लग्न नाही झालं, त्याचा डोक्यावर परिणाम झाला. दवाखान्यातच राहते. तिचं सगळं मीच पाहतो, तिच्याशी बोलून काही फायदा नाही."

दवाखान्यातच राहते! हुशार आहेस. क्वार्टर दवाखान्याचंच आहे, त्यात एक शब्द खोटा नाही, आणि सगळं मिळून एवढं खोटं.

मी उठून गेले नाही. तीस वर्षांत एक शिकले, की माणूस घाबरलेला असला की आधी त्याचा हात धरायचा. म्हटलं, "हात द्या तुमचा." नाडी पाहिली. पाय पाहिले, सुजलेले होते. बोट दाबलं तर खड्डा राहिला. विचारलं, "रात्री झोपताना उशा किती लागतात? दम लागतो का?" तीन उशा लागत होत्या. डॉक्टरांना सांगायचं ते कागदावर लिहून दिलं. चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पदराखालचा अडकित्ता काढून परत ताटात ठेवला.

"तुमी खरंच सिस्टर होय वो," म्हणाल्या. आणि रडायला लागल्या. "मी किती वंगाळ बोलली तुमाले."

त्या बाईला लाज वाटली. तुला अजून वाटलेली दिसत नाही.

मग त्यांनी आतून धर्मेंद्रनं वाचायला दिलेला खरेदीखताचा कच्चा कागद आणला. 'लिहून देणार', म्हणजे विकणाऱ्या, बेबीताई. 'लिहून घेणार', म्हणजे घर ज्याचं होणार तो, सागर भगवंत. तुझा मुलगा. माझं नाव चौथ्या पानावर होतं. 'सागर यांच्या आत्या श्रीमती रागिणी यांना सदर घरात तहहयात राहण्याची मुभा राहील.'

मुभा. माझ्या तीस वर्षांच्या नाइट ड्युट्यांवर घ्यायच्या घरात मला मरेपर्यंत राहायची मुभा दिलीस. फार उपकार झाले.

रागिणी


अकोला, २३ फेब्रुवारी २०२५

बंडू,

मागच्या रविवारी तू इथं क्वार्टरच्या फाटकाशी येऊन जे ओरडलास ते चौकीदारानं ऐकलं, दोन पोरी ड्युटीवरून येत होत्या त्यांनी ऐकलं. "कोण वकील लावला तू? कोण तुले भरवून राहिलं माह्याविरुद्ध?" मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर नाव सांगून बसले असते, आणि ते सांगायचं नाही असं मी एकीला कबूल केलं होतं.

आता तुला कळलंच आहे. कोर्टातल्या कोणा ओळखीच्यानं सांगितलं म्हणे. आणि दुसऱ्या दिवसापासून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. तिला जेवायला वाढण्यावरून आशाला तू काय काय ऐकवलंस तेही मला कळलं, ती सांगत नाही तरी.

तर ऐक. मुखत्यारपत्र रद्द करण्याचा कागद अबोलीनं लिहिला. नोटीस तिनं लिहिली. 'घर स्वतः पाहिलंस का' हा फोन तिचा होता. तुझी मुलगी माझी वकील आहे.

तिनं मला फितवलं, असं तू सगळीकडे सांगतोस, म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहिते. बेबीताईंकडून निघून मी थेट कोर्टात गेले. वडाखाली तिचं टेबल आहे, तू कधी पाहिलं नसशील. वकिली सुरू करून दोन वर्षं झाली पोरीला. मी कागद तिच्यापुढं आपटले आणि म्हटलं, "तुला माहीत होतं. तू सगळं ऐकलं घरात. सांग काय काय बोलले ते."

ती उठून उभी राहिली. म्हणाली, "आत्या, तू आता आत्या म्हणून आली की पक्षकार म्हणून?"

मी म्हटलं, "त्यानं काय फरक पडते?"

"पडते. पक्षकार म्हणून आली तर मी फी घेईन, पावती देईन, अन तुझं एक अक्षर घरी बोलणार नाही. बाबांनी मारलं तरी नाही. पण घरात जे कानावर पडलं तेही तुला सांगणार नाही. मी कागद वाचीन अन कागदात काय आहे तेवढंच सांगीन. नाहीतर दुसरा वकील पाहून देते. चांगला देते."

मला तिचाही राग आला. खरंच आला. मनात म्हटलं, आली मोठी! हिच्या बारशाला मी कुंची शिवली आणि ही मला पावती देते. वडाखालून निघाले, फाटकापर्यंत गेले. मग आपल्या बाबांची आठवण झाली. भातकुलीहून शेवंती घेऊन बाबा बाजारात जायचे ना, तेव्हा अडत्या म्हणायचा, "उत्तमराव, जा चहा पिऊन या, मी आहे ना तुमचा." बाबा कधी हलले नाहीत. काट्याजवळ उभे राहायचे. घरी येऊन म्हणायचे, "जो दोघांईचा असते, तो कोणाचाच नसते." ही पोरगी मला सांगत होती की ती एका वेळी एकाचीच होईल. असं मला दुसऱ्या कोणी म्हटलं होतं? तू म्हटलं होतंस? परत फिरले, फी दिली.

आता एक गोष्ट लिहायची आहे. ती या दोन पत्रांत मी लपवली, कारण ती लिहिली की माझा राग लंगडा पडतो.

सागरच्या साक्षगंधात, साखरपुड्याची जेवणं झाल्यावर, मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "माझं आहे कोण? माझं जे आहे ते सागरचंच." म्हटलं होतं. तू ते धरून बसलास. तुला वाटलं, नाहीतरी पुढे त्याचंच होणार, आताच त्याच्या नावावर घेतलं तर पुढचा खर्च नि खटपट वाचते. तुझा हिशेब मला समजतो.

पण म्हटलं होतं मी. देणार होते मी. माझ्या हातानं, माझ्या वेळेला. तू ते माझ्या हातातून काढून घेतलंस, आणि काढून घेता यावं म्हणून मला वेडी ठरवलंस. मागितलं असतंस तर कदाचित दिलंही असतं. मागायचं सोडून तू माझ्या डोक्याला हात घातलास.

अबोलीशी बोल. ती तुझ्याविरुद्ध नाही, ती माझ्या बाजूनं आहे. हा फरक तुला कळत नाही म्हणून तर एवढं रामायण झालं.

रागिणी


अकोला, ६ एप्रिल २०२५

बंडू,

उत्तर येत नाही. ठीक. पण हे पत्र वाच, कारण यात तुझ्या कामाचं आहे.

माझं मन त्या अंगणावर होतं. पेरूखाली खुर्ची टाकून बसायचं, जाईचा वेल चढवायचा, असं ठरवूनच टाकलं होतं. मार्चमध्ये अबोलीनं घराच्या तीस वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा शोध काढला, लेआउटचा नकाशा काढला आणि एका मोजणी करणाऱ्याला घेऊन तिथं फीत धरली. मग मला बोलावून म्हणाली, "आत्या, अंगण तुझं नाही."

पेरूचं झाड, नळ, मागची सगळी जागा लेआउटच्या खुल्या जागेत आहे. बेबीताईंच्या यजमानांनी वीस वर्षांपूर्वी कुंपणाची तार मागं सरकवून घेतली होती. कोणी बोललं नाही म्हणून ती घराचीच झाली. उद्या महानगरपालिकेनं बगीचा करायचं ठरवलं की तारही जाईल आणि पेरूही.

मी तिच्यावर चिडले. "आतापर्यंत कोणी काढलं का? तू कशाले उकरून काढतेस?" ती म्हणाली, "तू मला फी देतेस ती तुला आवडेल ते बोलायसाठी नाही. एकतर तेवढी जागा सोडून उरलेल्याची किंमत ठरव, नाहीतर हे घर सोड. तार आहे तशी ठेवून घेशील तर मी कागद करणार नाही." एवढीशी पोरगी. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बेबीताईंकडे गेले, तीही सोबत होती, पण तिला ओटीवर बसवलं आणि आत मी एकटी गेले.

सरळ विचारलं. बेबीताईंनी डोळे खाली घातले. "मले माहीत होतं. यांनी तार ओढला तवा मी नाही म्हटलं होतं. पण धर्मेंद्र म्हणे, कशाले सांगता, घेणारी वेडी आहे, तिले काय समजते? पैसे तिचे, अन भावाले नकाशा पाहाची अक्कल नाही."

समजलं का, बंडू? हे वाक्य पुन्हा वाच.

माझा पहिला विचार असा आला, की हे बंडूलाही माहीत असणार. मग विचार केला, माहीत असतं तर ते घर तो सागरच्या नावावर घ्यायला निघाला नसता. तुला माहीत नव्हतं. ज्याच्यासोबत बसून तू मला वेडी ठरवलंस, तो धर्मेंद्र मागं तुला बावळट ठरवत होता. इकडून तुझ्याकडून दलाली घेणार, तिकडून म्हाताऱ्या बाईकडून घेणार, आणि दोघांनाही एकमेकांशी मोकळं बोलू द्यायचा नाही. त्या बाईला त्यानं सांगितलं होतं की घर घेतल्यावर आम्ही पाडून दुकानाचे गाळे काढणार. नवऱ्याच्या हातचं घर पाडणार म्हणून ती तीन महिने उपाशी झोपत होती.

"आपला माणूस आहे," तू म्हणायचास. कोणाचा?

तुझी कीव करायला पाहिजे होती. केली नाही. हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

आम्ही दोघी चुलीजवळ बसून बोललो. दीड तास. त्यांनी पोहे केले, मला विचारून तिखट घातलं. जागा कमी झाली तेवढी किंमत कमी झाली. त्यांना पुण्याला मुलीकडे जायच्या आधी डॉक्टरांच्या दोन चकरा करायच्या होत्या, म्हणून रजिस्ट्री मेमध्ये. ठरलं ते अबोलीनं आत येऊन लिहून घेतलं आणि दोघींना वाचून दाखवलं. बेबीताईंना तर दोनदा, आणि "तुमचा स्वतःचा वकील पाहा, मी हिची आहे," असंही सांगितलं. त्यांनी खरंच गल्लीतल्या एका निवृत्त मुन्शीला दाखवून आणलं.

दुसऱ्या दिवशी अबोलीनं माणूस लावून तार पुढं घेतली, नकाशात होती तिथं. पेरू बाहेर गेला. मी पाहत उभी होते. फार वाईट वाटलं. पण जेवढं आत राहिलं ते सगळं माझं आहे, हे पहिल्यांदाच खात्रीनं वाटलं.

रागिणी


अमरावती, ८ जून २०२५

बंडू,

गंगू मावशीला तिवशाहून एस.टी.त बसवून भरदुपारी माझ्याकडे पाठवलंस. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. पोचली तेव्हा ओठ सुकले होते, हात गार पडले होते. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ओला टॉवेल मानेवर ठेवला, अर्ध्या तासानं बोलायला लागली. ती बरी आहे, दोन दिवस इथं ठेवली, मग गल्लीतल्या अमोल रिक्षावाल्यानं तिला एस.टी. स्टँडवर सोडलं. पण तिला काही झालं असतं तर हे पत्र मी पोलिसात जाऊन लिहिलं असतं.

मावशी म्हणाली, "बंडू म्हणते, झालं गेलं विसरा. रागिणीनं पोरीले घरी पाठवावं. बाप आहे मी तिचा."

पाठवावं म्हणजे? मी तिला आणलं नाही. काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं नाही, तर मी सांगते. तू त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे उभा होतास ना, बावीस मेला, रजिस्ट्री कचेरीसमोर, चहाच्या टपरीच्या सावलीत? तुला वाटलं आम्ही पाहिलं नाही.

आत काय झालं ते तुला दिसलं नसेल. कारकुनानं विचारलं, "लिहून घेणार कोण? मुखत्यार आहे का?" मी म्हटलं, "मुखत्यार नाही. मीच." त्यानं कॅमेरा माझ्याकडे वळवला. फोटोत माझे डोळे अर्धे मिटलेत, पण आहे मीच. बेबीताईंचा अंगठा मशीन घेईना, आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्या होत्या. अबोलीनं त्यांचा हात आपल्या ओढणीनं पुसला, दाबून धरला, तीनदा, चारदा. पाचव्यांदा लागला. सगळे हसलो.

कागद हातात घेऊन आम्ही पायऱ्या उतरलो आणि तिनं तुला पाहिलं. हातातली फाइल तिथंच पडली. तू पाहिलंस आणि गाडीला किक मारलीस. बंडू, गाडी दोनदा बंद पडली तुझी. तेवढा वेळ ती तिथं उभी होती. तू वळून पाहिलं नाहीस.

कचेरीबाहेरच्या गाड्यांच्या स्टँडवर स्कूटरच्या मागं जाऊन ती इतकं रडली की मला तिला खाली बसवावं लागलं. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं." ती म्हणाली, "आत्या, तू पक्षकार आहेस. तुझ्यामुळं काही नाही झालं. मी वकीलपत्र घेताना माहीत होतं मला." आणि पुन्हा रडली.

एक जूनला मी इथं राहायला आले. तीन तारखेला सकाळी ती दारात उभी, दोन बॅगा घेऊन. आदल्या दिवशी तू तिला म्हणालास म्हणे, "ज्याची फी खाल्ली त्याच्याकडे जाऊन राहा." मी एक शब्द विचारला नाही. आतली खोली दिली. तिथं तिनं पुस्तकं लावली, एक टेबल आणलं, सकाळी तिथंच बसून कागद वाचते. मी रात्री दूध नेऊन ठेवते, ती पीत नाही, सकाळी त्याचं दही लावते.

गंगू मावशीचा निरोप मी तिला सांगितला नाही. सांगणारही नाही. तुझ्या वतीनं बोलायचं काम मी घेत नाही.

माझा तुझ्यावरचा राग आहे तसाच आहे. तो घर मिळालं म्हणून गेला नाही. मी वेडी आहे हे तू चारचौघांत बसून चहा पीत सांगितलंस, आणि कोणालाही ते खोटं वाटलं नाही, कारण एकट्या बाईबद्दल असं पटायला लोकांना फार वेळ लागत नाही. त्याचं काय करायचं ते मी नंतर ठरवीन. माझी माफी मागायला ये, असं मी म्हणत नाही. आलास तर मी काय बोलेन ते मलाच माहीत नाही.

पण ती वेगळी गोष्ट आहे. ही वेगळी.

ती साडेदहाला कोर्टात जाते आणि सहाला येते. मंगळवारी मी साडेसहाला बाहेर जाईन, नऊपर्यंत येणार नाही. मावशीला पाठवू नकोस, आशाला पाठवू नकोस, सागरला तर मुळीच नको. चिठ्ठी नको, फोन नको. तू ये. ती वकील आहे, तिच्यापुढं मांडून बोललास तर ऐकून घेते. मी पाहिलं आहे.

घंटी अजून लावलेली नाही. फाटकाची कडी आतून असते. बाहेर उभं राहून हाक मारावी लागेल.

ताई